संत्र्याची नाडी

टीपॉयवर संत्रं होतं आणि संत्र्याला नाडी होती. चौऱ्याहत्तर. काळ्या पट्ट्याचं घड्याळ त्याच्या पोटाभोवती शेवटच्या भोकात आवळून बसवलेलं, आणि काचेवर छोटासा लाल बदाम धडधडत होता. लयीत, अगदी निरोगी. नूपुरनं आधी संत्र्याकडे पाहिलं, मग ते घेऊन आलेल्या माणसाकडे. संत्रं लहान होतं, काटोलच्या बाजारात चुरी म्हणून बाजूला काढतात तसलं. माणूस मोठा होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसलेला. आपल्या पँटनं सोफा मळेल याची काळजी सोफ्याच्या मालकिणीपेक्षा त्यालाच जास्त. ही नोंद तिनं मनात लगेच करून टाकली. कडेवर बसणारे भांडत नाहीत. टेकून बसणारे भांडतात.

“आता याचा बीपी पाहा,” तो म्हणाला आणि जाड बोटानं त्यानं काच दाबली. घड्याळानं थोडा विचार केल्यासारखं केलं. “एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. संत्र्याले बीपी असते काय, म्याडम?”

विचारताना तो हसला नाही, हेच वाईट. हसला असता तर तिलाही हसता आलं असतं, आणि दोन माणसं एकदा एकाच गोष्टीला हसली की त्यांच्यात फसवणारा कोण आणि फसलेला कोण हे पुसट होऊन जातं. पण तो नुसता बघत राहिला. पट्ट्याच्या कडेनं साल जराशी चिरली होती आणि त्या फटीतून निघालेला आंबूस-तिखट वास तिच्या नाकात शिरून डोळ्यांमागे जाऊन बसला होता. चंद्रभान. काटोलच्या पुढे कुठेतरी त्याची बाग. नोव्हेंबरात आला होता, एस.टी.नं, हातात पिशवी घेऊन. ती गिऱ्हाइकांचे चेहरे विसरत नसे; प्रेमानं नाही, खबरदारी म्हणून. त्याच्या आईचं नावसुद्धा तिला आठवलं, सुभद्रा. कारण घड्याळ कोणासाठी घेता, त्यांचं नाव काय, हे ती प्रत्येकाला विचारी. नाव सांगून झालं की माणूस भाव करत नाही. आईचं नाव घेऊन लगेच पाचशे कमी करा म्हणायला जीभ धजत नाही.

तिच्या या उद्योगाला ती धंदा म्हणत नसे. ‘माझं ते ऑनलाइनचं’ म्हणे. माल दिल्लीहून येई. घड्याळं, कानात घालायचे इअरबड्स, चार्जर. मोठ्या कंपनीसारखं सगळं हुबेहूब, खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा तसंच ताणलेलं. पाठवणारा त्याला मास्टर कॉपी म्हणे, जणू त्यात शिकवण्यासारखं काही असावं. नूपुर जाहिरातीत लिही: ‘मिस्टरांना ऑफिसकडून गिफ्ट. वापरलेलं नाही. घरी येऊन बघून घ्यावे.’ शेवटचं वाक्य हे तिचं भांडवल. बाकीचे विकणारे गिऱ्हाइकाला कुठल्यातरी चौकात बोलावतात, हेल्मेट न काढता डबा देतात आणि गाडीला किक मारतात. ती घरी बोलवी. प्रतापनगरात पहिला मजला, दारावर पितळी पाटी: ‘शरच्चंद्र पांढरीपांडे, निवृत्त वरिष्ठ लेखापरीक्षक’. आत आल्यावर आधी पाणी, मग चहा. ज्यानं घरचा चहा घेतला त्याला पुढे फोन करून ‘तुम्ही फसवलं’ म्हणणं जड जातं. तो आधी त्या कपाला अडखळतो. अपूर्व, तिचा नवरा, बँकेत होता आणि त्याच्या बँकेनं त्याला आजवर एक कॅलेंडर सोडून काही गिफ्ट दिलं नव्हतं. घरात एवढी खोकी कशाला येतात हे त्यानं एकदा विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं. त्यानंतर न विचारण्याची शिस्त त्यानं चोख पाळली.

आणि सोफ्यासमोरच्या वेताच्या खुर्चीत बाबा. तिचे सासरे. एकोणऐंशी वर्षांचे, ताठ, दाढी रोजची, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि डाव्या मनगटावर तेच घड्याळ. सप्टेंबरात त्यांच्या वाढदिवसाला तिनं दिलेलं. भेट म्हणूनच दिलं होतं, असं तिला अजून वाटे. मागवलेल्यातलं एक उरलं होतं, बाबांना आकड्यांची हौस, म्हणून दिलं. पुढच्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक चहा पिताना विचारून गेलं, काका, कसं आहे हो? आणि बाबांनी मनगट पुढे करून वीस मिनिटं सांगितलं. त्या दिवशी दोन घड्याळं गेली. तेव्हापासून बाबांची खुर्ची तिनं खिडकीजवळून हलवून सोफ्यासमोर आणली होती. त्यांना तिनं सांगितलं, इथे वारा चांगला येतो.

“माय गेली,” चंद्रभान म्हणाला.

ती “अरेरे” म्हणाली. म्हणताना तिचं लक्ष खुर्चीकडे होतं. बाबांनी पेपर खाली केला होता.

“अठरा दिवस झाले. सकाळी म्हणे, चंद्या, मले घाबरल्यासारखं होऊन राहिलं गा. म्या घड्याळ पाह्यलं. चौऱ्याहत्तर. एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. म्हटलं, माय, तुले काही नाही झालं, तू तं माझ्यापरीस फिट हायेस. अन् मंडीत गेलो. माल होता नं त्या दिवशी.” त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. “दोन वाजता आलो तं हात थंडा. अन् घड्याळ चौऱ्याहत्तरच दाखवून राहिलं. बायकोनं हंबरडा फोडला तं मी तिच्यावर वरडलो, म्हटलं चूप, जित्ती हाये, हे पाह्य. डॉक्टर येतपर्यंत कोणाले रडू नाही देल्लं मी.”

पंखा वर टकटक करत होता. फेब्रुवारीचा पंखा, गरज नसताना लावलेला. संत्र्यावरचा बदाम धडधडत होता. नूपुरला एकदम वाटलं की ते बंद करावं, हात पुढे करून कळ दाबावी, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की कळ दाबली तर आपण काहीतरी कबूल केल्यासारखं होईल. तिनं हात पदराखाली नेला. पदर नव्हता, कुडता होता. हात तसाच मांडीवर पडून राहिला.

“मले पैसे नाही पायजे,” तो म्हणाला. “तुमी फक्त एक म्हणा, का हे नकली हाय. बस. मंग मी जातो.”

“त्यानं काय होईल, दादा?”

“घरचे म्हणते तुयंच चुकलं. बहीण बोलून नाही राहिली माझ्यासंग. मले मालूम तं पडलं पायजे का घड्याळाचं चुकलं का माझं.”

इतकंच. पोलीस नाही, तक्रार नाही. ‘हो, नकली आहे’ असे तीन शब्द. त्या शब्दांची पुडी बांधून तो काटोलच्या एस.टी.त बसला असता आणि घरी जाऊन सगळ्यांच्या हातावर थोडेथोडे ठेवले असते. तिच्या ध्यानात आलं की आजवर कुठल्याही गिऱ्हाइकानं इतकं स्वस्त मागितलं नव्हतं. पण शब्द त्याच्यासोबत सगळे जाणार नव्हते. थोडे खोलीत राहिले असते, त्या वेताच्या खुर्चीपाशी. सदतीस वर्षं ज्या माणसानं खोटी बिलं पकडली, आणि निवृत्तीच्या समारंभात ज्याचा सत्कार ‘ज्यांना कधी कोणी चहा पाजू शकलं नाही’ अशा वाक्यानं झाला, त्याच्या मनगटावर सुनेनं काय बांधलं आहे आणि त्याला कशासाठी समोर बसवलं आहे, हे त्याला त्या तीन शब्दांत कळलं असतं. तिनं केस कानामागे सारले.

“तुम्ही सैल बांधलं असेल, दादा. म्हातारं मनगट बारीक असतं. बाबा, यांना जरा तुमची वही दाखवता का?”

बाबा उठले. ते या बोलावण्याची वाटच पाहत असावेत, इतक्या लगेच. लांब हिशेबी वही, रेघा स्वतःच्या पट्टीनं आखलेल्या. तारीख, सकाळ, संध्याकाळ, शेरा. ती त्यांनी चंद्रभानच्या मांडीवर ठेवली आणि बोट फिरवत पानं उलटली. सप्टेंबर. ऑक्टोबर. “एकही दिवस सुटलेला नाही,” ते म्हणाले. “बहात्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर. याच्या बाहेर गेलेलं नाही. यंत्र असं असतं, पाहा.”

“पण संत्र्याले...”

“संत्र्यात पाणी असतं. माणसातही पाणीच असतं. संत्र्यावर यंत्र फसू शकतं, ते त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. तुम्ही आईच्या हाताला बांधायची वस्तू फळाला बांधून मला पुरावा म्हणून दाखवून राहिले.” बाबांचा आवाज चढला नव्हता. ऑफिसातल्या बाबूला समोर उभं करून ते असेच बोलत असतील. “सदतीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले, भाऊ. चूक झाली की माणूस आधी कागदावर ढकलतो, मग यंत्रावर, मग दुसऱ्या माणसावर. आईला घाबरं वाटतं हे ती स्वतः म्हणाली होती नं?”

“हो जी.”

“आणि तुम्ही तिला सोडून गेले?”

“हो जी.”

“मग?”

तो ‘मग’ त्यांनी तसाच ठेवून दिला. चंद्रभाननं वहीवर नजर फिरवली, खालपर्यंत, बोट लावून, शाळेत धडा वाचल्यासारखी. वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली. संत्र्याचा पट्टा सोडवला, घड्याळ खिशात घातलं. नंतर त्यानं चहा संपवला, थंड झालेला, सगळा, तळाच्या चहापत्तीसकट. टाकून गेलं तर घरच्यांचा अपमान होईल म्हणून. नूपुरला ते पाहताना घशात काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे तिनं तपासून पाहिलं, आणि तिला जराशी लाज वाटली, कारण तो आनंद होता. काम फत्ते झाल्याचा, साधा. दारात चप्पल घालताना तो म्हणाला, “संत्रं खाऊन घ्या, म्याडम. मृग बहाराचं हाय. गोड हाय.”

तो गेल्यावर बाबा म्हणाले, “बिचारा.” आणि पेपर वर केला.

नूपुरची आई लग्नांना जाताना बांगड्या घाली. चार, पिवळ्याधमक, एका ग्रॅमच्या मुलाम्याच्या. मे महिन्यात मनगटाला घाम आला की त्यांच्याखाली हिरवा वळ उमटे, आणि आई मांडवातून उठून मोरीत जाई, तिथे सोडा आणि साबणानं मनगट घासून परत येई, हसत. नूपुर तेव्हा नऊ वर्षांची. महाल भागातल्या एका लग्नात पुष्पलतामावशीनं आईचा हात हातात घेतला, किती छान गं म्हणत, आणि अंगठ्याच्या नखानं बांगडीच्या आतल्या बाजूला हळूच एक ओरखडा काढला. कोणालाही दिसलं नाही. आईला कळलं, मावशीला कळलं, आणि खाली बसून श्रीखंडाची वाटी चाटणाऱ्या नूपुरला कळलं. मावशीनं नुसतं नख पुसलं. त्यानंतर आई लग्नाला गेली ती पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून. हेच नंतर नूपुरच्या कामी आलं. वस्तू कोणी तपासत नाही, लोक हात तपासतात. हात मोठ्या घरचा असला की ओरखडा काढायला कोणाचं नख पुढे येत नाही. पांढरीपांड्यांकडे लग्न होऊन आली तेव्हा दारावरची पितळी पाटी तिनं पहिल्याच दिवशी चिंचेनं घासली होती. सासूबाई तेव्हा होत्या; त्या म्हणाल्या, किती हौशी आहे पोरगी.

दुपारी बाबा झोपले तेव्हा ती वही उचलून ठेवायला गेली. उचलली आणि उघडली. आपल्या साक्षीदारानं नेमकं काय दाखवलं ते पाहावं म्हणून. आकडे तेच, बहात्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर. शेजारी एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. पाच महिने एकच, जणू एकाच शिक्क्यानं उठवलेलं. भंडाऱ्याच्या जीपची गोष्ट तिला आठवली. ती बाबांनी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलेली होती. तिथल्या एका ऑफिसच्या जीपच्या लॉगबुकात रोज चाळीस किलोमीटर लिहिलेले, वर्षभर. बाबांनी एका नजरेत पकडलं. “गाडी माणूस चालवतो,” ते सांगत, “माणसाचा आकडा असा सरळ जातच नाही. जिथे चढउतार नाही ते खातं आधी उघडायचं.” जीप नऊ महिने गॅरेजात उभी होती. आणि हा माणूस स्वतःच्या हातानं पाच महिने सरळ आकडे लिहीत बसला होता आणि खूश होता. तिला हसू आलं. हसता हसता तिचं बोट शेऱ्याच्या रकान्यावर गेलं.

‘१० डिसेंबर. आकडे स्थिर. गोळी अर्धी केली.’

‘१ जानेवारी. आकडे स्थिर. गोळी बंद.’

बीपीची गोळी, वीस वर्षं चालू असलेली. नूपुर पलंगाच्या कडेवर बसली. कडेवर, हे तिच्या लक्षात आलं. जानेवारीत बाबा मोरीच्या दाराला खांद्यानं धडकले होते. डाव्या डोळ्यात रक्ताचा ठिपका आला होता, चार दिवस होता. संध्याकाळी पाय सुजून चपलेच्या पट्ट्याचे खड्डे पडत. ती म्हणाली होती, वय झालं, बाबा. ते म्हणाले होते, वय काय करतं, आकडे पाहा.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. पण ‘बाबा, हे घड्याळ खोटं आहे’ हे एकटं वाक्य नव्हतं. बाबांच्या हातावर ते खोटं असेल तर सुभद्राच्या हातावरही खोटंच होतं. मग बाबांनी तीन तासांपूर्वी त्या सोफ्यावर एका माणसाला त्याच्या आईच्या मरणाचा गुन्हेगार ठरवलं ते कशाच्या आधारावर? एक धागा ओढला की सगळं पोलकं उसवत होतं. तिनं ठरवलं, उद्या. मग दुसऱ्या दिवशीही तिनं उद्याच ठरवलं, आणि आडवाटेनं गेली.

“बाबा, डॉक्टरांकडे जाऊन येऊ एकदा. सहज.”

“काहून? मला काय झालं?”

“काही नाही. मशीन आहे शेवटी.”

बाबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि कोणाचेतरी दुसऱ्याचेच वाटत. “नूपुर. तुझं घड्याळ ओरिजिनल आहे नं?”

नख बांगडीच्या आतल्या बाजूला होतं. तिला ते लख्ख जाणवलं. आणि आईसारखंच तीही हसली. “ओरिजिनलच आहे, बाबा.”

“मग झालं. डॉक्टरचं मशीन काय याच्याहून मोठं आहे?”

अपूर्वला सांगून पाहिलं. घड्याळाचं नाही, गोळीचं. तो टायची गाठ सोडत म्हणाला, “बाबांचं तू बघ नं यार. माझ्या ब्रँचला सध्या इन्स्पेक्शन आहे.” मग ती मेडिकलमधून स्ट्रिप घेऊन आली आणि गोळी लाटण्याखाली चुरून बाबांच्या वरणाच्या वाटीत मिसळू लागली. घरात एक खोटी वस्तू होती, तिच्यावर दुसरी खोटी गोष्ट बसवली की दोन्ही मिळून माणूस जगेल, असा तो हिशेब. दोन दिवस चाललं. दोन दिवस तिला हलकं वाटलं, इतकं की तिनं नवीन आलेल्या खोक्यांचे फोटो काढून जाहिरात टाकली. तिसऱ्या दिवशी बाबांनी वाटी ओठांपर्यंत नेली आणि खाली ठेवली. अपूर्वच्या वाटीत चमचा घालून चव घेतली. मग आपल्या वाटीतली.

“एकाच पातेल्यातलं आहे का हे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“दोन्हीत फरक आहे.” आणि वाटी त्यांनी बोटानं सरकवून ताटाबाहेर ठेवली. त्यांची जीभ एवढी पारखी असेल हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून ते वरण स्वतः वाढून घेऊ लागले.

संत्रं कोणी खाल्लं नाही. ते फळांच्या टोपलीत होतं. केळी आली, गेली, पेरू आले, गेले, ते तिथेच. साल आक्रसत गेली, पट्ट्याची खूण मात्र पोटावर तशीच राहिली, हिरवट, कमरेला नाडा काचल्यासारखी. तिला ते फेकता येत नव्हतं. कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर सकाळी गाडीवाला ते उघड्यावर ओतणार आणि कोणीतरी बघणार, असलं काहीतरी भलतंच डोक्यात येई. ती रोज टोपली पुसताना ते उचले, खालून पुसे, आणि परत ठेवी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, ती चहाचं आधण टाकून बाहेर आली. साडेतीनला गिऱ्हाईक येणार होतं. मिनल नावाची कोणी मुलगी, वडिलांसाठी घड्याळ हवं होतं. टीपॉय पुसायला फडकं घेऊन नूपुर वाकली आणि वाकलेलीच राहिली. टीपॉयवर संत्रं होतं. त्याच्या जुन्याच खुणेवर काळा पट्टा बसवलेला, या खेपेला सैलच होत होता. लाल बदाम धडधडत होता. चौऱ्याहत्तर.

बाबा समोर खुर्चीत होते. डावं मनगट उघडं. घड्याळाखालची कातडी बाकीच्या हातापेक्षा गोरी आणि ओलसर, आजाऱ्यासारखी. मांडीवर वही नव्हती. वही संत्र्याच्या बाजूला उघडी होती, नवीन पान, आणि पानाच्या मधोमध वरून खाली एक रेघ. तिला ही रेघ माहीत होती. हाफ मार्जिन. त्यांच्या ऑफिसात हरकत अशीच लिहीत: डाव्या अर्ध्यात तपासणाऱ्याचा प्रश्न, उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा. समोरच्यानं खुलासा त्यात लिहायचा. आणि मुदतीत तो आला नाही तर कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढून ती बंद करायची, म्हणजे मागाहून कोणी काही घुसवू शकत नाही. बाबा हे अपूर्वला लहानपणी शिकवत, अपूर्वनं ते तिला लग्नानंतर नक्कल करून दाखवलं होतं आणि दोघं पोट धरून हसले होते.

डाव्या अर्ध्यात लिहिलं होतं, अक्षर जरा कापरं, पण ओळीत:

‘संत्रे. दुपारी २.४०. नाडी ७४. बीपी ११८/७८. खुलासा करावा.’

आणि खाली:

‘गोळी: खुलाशानंतर.’

शेजारी पेन, टोपण काढून ठेवलेलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे बघत होते, जिथे पूर्वी त्यांची खुर्ची असायची. डाव्या डोळ्यातला ठिपका पुन्हा आला होता, या वेळी मोठा.

“आज तुझा सहीचा हात मोकळा आहे का?” त्यांनी विचारलं. आवाज हलका, थट्टेचा होता. “एक ओळ पुरे. मोठा निबंध नको लिहू.”

तिनं पेन उचललं. मनात ओळ तयार होती, कित्येक दिवसांपासून. ‘घड्याळ खोटे आहे.’ त्याला ‘क्षमस्व’ जोडायचं की नाही एवढंच ठरलं नव्हतं. हा म्हातारा स्वतःच्या रक्तवाहिन्या टीपॉयवर मांडून बसला होता, एका ओळीसाठी. एक ओळ, आणि तो उठून कपाटातली स्ट्रिप काढील. पेनाचं टोक कागदाला लागलं, शाईचा एक ठिपका उमटला. त्या ठिपक्यात तिला वळ दिसला, हिरवा, मोरीतल्या आईच्या मनगटावरचा. आणि तिला उमगलं की आईनं इतक्या वर्षांत एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं. मावशीलाही नाही, नवऱ्यालाही नाही, नूपुरलासुद्धा नाही. मनगट घासून घासून कातडं गेलं होतं, पण शब्द गेला नव्हता.

बेल वाजली.

“बाबा,” ती म्हणाली, “हात.”

तिनं संत्र्याचा पट्टा सोडला. बाबा हलले नाहीत. त्यांनी आधी वहीच्या उजव्या अर्ध्याकडे पाहिलं, तिथल्या एका ठिपक्याकडे, बराच वेळ. बेल दुसऱ्यांदा वाजेपर्यंत. मग त्यांनी डावा हात पुढे केला. तिनं घड्याळ बांधलं. मनगट फार गरम होतं. तिनं वही मिटली, संत्रं टोपलीत ठेवलं, आणि जाताना आरशात बघून केस कानामागे सारले.

मिनल पंचविशीची होती, सोफ्यावर टेकून बसली. ती पाणी प्यायली, तिनं खोकं उलटंसुलटं पाहिलं, प्लास्टिकवरून नख फिरवलं. वडिलांचं नाव धोंडबा, पारशिवनीला असतात, बीपी आहे, आजकाल चक्कर येते म्हणतात. “मी इथे, ते तिथे. निदान आकडा तर कळेल नं रोज, फोनवर विचारता येईल.” मग तिची नजर खुर्चीकडे गेली. “अय्या, काका, तुमचं पण हेच? कसं आहे हो? बरोबर दाखवतं का?”

नूपुर चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. तिनं ट्रे छातीशी टेकवला. बाबांनी मनगट वळवलं, काच दाबली, थांबले. इतके थांबले की त्या मुलीनं मान पुढे केली.

“चौऱ्याहत्तर,” ते म्हणाले. “एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. सप्टेंबरपासून वापरून राहिलो बेटा. माणसागणिक फरक करत नाही हे. सगळ्यांना सारखंच.”

“वा,” मिनल म्हणाली, आणि पर्समधून फोन काढला.

ती गेल्यावर नूपुरनं कप गोळा केले. आत जाऊन विसळले, गरजेपेक्षा जास्त वेळ. बाहेर आली तेव्हा वही पुन्हा टीपॉयवर उघडी होती आणि बाबा तिच्यावर वाकले होते. पट्टी काढलेली. उजव्या अर्ध्याच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत ते रेघ ओढत होते, तिरपी, सावकाश, तिनं टाकलेल्या ठिपक्यावरून. पट्टी पक्की धरलेली होती. रेघ पूर्ण झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली, आणि ती तिच्या हातात दिली.

“कपाटात ठेवून दे,” ते म्हणाले. “माझ्यानंतर लागेल.”

मग टोपलीतून त्यांनी ते संत्रं घेतलं आणि सोलायला बसले. साल निघत नव्हती. कातडी फोडींना चिकटून वाळली होती. त्यांनी नखानं ओरबाडत ती काढली, एक फोड सुटी केली, आणि तिच्यापुढे धरली.